अर्धांगाचा खांदा आणि कप्पी

संपादक महोदय,
आईला अर्धांगवायू झाला, तेव्हा मी मोठ्या हौसेने दाराच्या चौकटीला कप्पी बांधली. चांगल्या हाताने दोरी ओढायची, लुळा हात वर. पंधरवड्यात खांदा इतका ठणकू लागला की पोलकं घालणंही नको म्हणे. फिजिओथेरपिस्टबाईंनी आधी कप्पी सोडवली. डोक्यावरच्या कप्पीने असा खांदा जास्त दुखावतो, हे १९९० सालच्या तुलनात्मक अभ्यासातच दिसलं होतं! (धाकटा भाऊ तर आईला बखोटीला धरून उठवायचा.)

आता एका संशोधनासाठी तिची संमती हवी आहे. भारतात अशा वैद्यकीय चाचणीची नोंदणी २००९पासून सक्तीची. तो नोंदणी क्रमांक मागताच मिळाला. संमतीपत्र मात्र गुजरातीत. आई गुजराती फर्डं बोलते, वाचते मराठीच. बडोद्यात मराठी प्रत मिळू नये?

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे