मसाला मार्केटचा खोकला ओळखणाऱ्या ताईंना

कोपरखैरणे, नवी मुंबई

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र संस्थेच्या कार्यालयात दिलं असतं तर फाईलला लागलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितेय. नाव घेतलेलं तुम्हाला आवडत नाही, तेवढं पाळते.

वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी असलेल्या माणसाच्या घरी खोकल्याचं कुणाला काही वाटत नाही. मिरचीच्या गोण्या उचलायच्या, खकाणा नाकातोंडात जायचा, घरी येऊन गुळाचा खडा चघळायचा. आमच्या ह्यांचंही तेच चाललं होतं. मुलीला न्यायला हे तुमच्या अभ्यासिकेच्या दारात आले, खोकले, आणि गणित शिकवता शिकवता तुम्ही मान वर करून विचारलंत, "दादा, किती दिवस झाले?" दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की थुंकी तपासायची, हे आम्हाला तेव्हा कळलं. डबी देताना बजावलंत, "सकाळी उठल्यावरचा, छातीतून काढलेला बेडका हवा. लाळ नको."

टीबी निघाला. सहा महिन्यांचं औषध, सरकारी दवाखान्यात फुकट.

गोळ्या सुरू व्हायच्या आधीच तुम्ही ह्यांना बाजूला घेऊन सांगितलंत, लघवी केशरी होईल, तो औषधाचा रंग आहे. नाहीतर हा गडी रक्त पडतंय म्हणून त्याच दिवशी गोळ्या फेकून मोकळा झाला असता! दोन महिन्यांत खोकला गेला, वजन भरलं, आणि 'आता कशाला गोळ्या?' सुरू झालं. तेव्हा तुम्ही जे बोललात ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण लागू पडलं. अर्धवट सोडलं तर जंतू पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

टीबीच्या पेशंटला सकस खाण्यासाठी सरकार पैसे देतं, त्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण ह्यांचं खातं सातारकडच्या गावी, आधार जोडलेलं नाही. ते काम तुमचं नव्हतं, तरी बँकेच्या रांगेत तुम्ही माझ्यासोबत होतात. जाऊबाईंनी ह्यांचा कप वेगळा काढला, तेव्हा त्यांना रागावला नाहीत. "कपाने नाही होत, हवेतून होतो. ती खिडकी उघडा आधी," म्हणालात आणि डासांसाठी ठोकलेला पुठ्ठा स्वतःच उचकटलात.

मुलीचीही तपासणी करून घेतलीत. ती ठीक आहे आणि अजून तुमच्याकडेच गणिताला येते, भूमितीत रडते.

हे पुन्हा कामावर जातात, तोंडाला रुमाल बांधून. त्यांच्या टोळीत अजून दोघे खोकतात, आणि दोघेही मिरचीचंच नाव सांगतात. मार्केटच्या गेटवर तपासणीचं शिबीर ठेवाल का? ह्यांनी निरोप दिलाय, डब्या वाटायला आणि माणसं ओढून आणायला ते स्वतः उभे राहतील. फक्त वार कळवा, म्हणजे पाळी बदलून घेता येईल.

तुमची,
अभ्यासिकेतल्या एका मुलीची आई