हार्ड डिस्कचा हँडीकॅम आकाशात नेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्कायडायव्हिंग शिकायला नाशिकबाहेर जाणारी मुले थोड्या उड्या झाल्या की एकच प्रश्न विचारतात: चित्रीकरणासाठी स्वस्तातला, छोटा कॅमेरा कोणता घ्यावा? महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांत विचारले तर उत्तर मेगापिक्सेल, झूम आणि फोर-केच्या आकड्यांत मिळते. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारले तर कपाटात पडून असलेला जुना हँडीकॅम थोडक्या पैशांत पदरात पडतो. त्या हँडीकॅमच्या आत काय आहे हे कुणी बघत नाही. म्हणून हे पत्र.

जुन्या हँडीकॅमचे तीन प्रकार बाजारात फिरतात: टेपचे, हार्ड डिस्कचे आणि फ्लॅश मेमरीचे. यातला हार्ड डिस्कचा सर्वांत फसवा. दिसायला नवा, साठवण भरपूर, किंमत कमी. पण हार्ड डिस्कमध्ये वाचणारे-लिहिणारे टोक फिरत्या तबकडीला टेकलेले नसते, हवेच्या अतिशय पातळ थरावर ते तरंगत असते. समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या सुमारे ७० टक्के उरतो, १३,००० फुटांवर सुमारे ६० टक्के. थर विरळ झाला की टोक तबकडीच्या जवळ येते, आणि त्यात पॅराशूट उघडतानाचा झटका बसला तर तबकडीवर ओरखडा पडतो. मग गेलेले चित्रण परत येत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘ड्रॉप सेन्सर’ असतो. कॅमेरा हातातून निसटला असे वाटले की टोक बाजूला घेऊन रेकॉर्डिंग थांबवणे हे त्याचे काम. हेलिकॉप्टर किंवा बलूनमधून उडी घेतली की पहिल्या काही सेकंदांत वजन जवळजवळ जाणवत नाही. सेन्सरच्या दृष्टीने कॅमेरा पडलाच, आणि नेमका एक्झिटच, म्हणजे बाहेर झेपावण्याचा क्षणच, चित्रित होत नाही. काही मॉडेलमध्ये मेन्यूतून सेन्सर बंद करता येतो, पण विरळ हवेवर मेन्यूत उपाय नाही.

टेपचा, म्हणजे मिनी-डीव्ही कॅमेरा एके काळी या खेळात सर्रास वापरला जाई. आज तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. टेपा सहज मिळत नाहीत, चित्रण संगणकात उतरवायला लागणाऱ्या फायरवायर या वायरची जागा नव्या संगणकांत नाही, आणि थंड हवेतून दमट हवेत खाली आल्यावर टेप वाचणाऱ्या आतल्या ड्रमवर दव धरले की कॅमेरा स्वतःच बंद पडतो.

उरला फ्लॅश मेमरीचा. सोनीचा २००९ चा एचडीआर-सीएक्स१०० स्कायडायव्हर मंडळींत लोकप्रिय झाला तो याच कारणाने: आत फिरणारी साठवण नाही आणि आकार मुठीत मावेल एवढा. आजही तो सेकंडहँड मिळतो. घेताना लक्षात ठेवा, त्याला मेमरी स्टिक ड्युओ जातीचेच कार्ड लागते आणि ते आता शोधावे लागते. दुसरी अडचण भिंगाची. त्या काळच्या हँडीकॅमची सर्वांत रुंद बाजूही (३५ मिमी फिल्मच्या मापाने) ४० मिमीच्या आसपास असे; हा आकडा जितका लहान तितकी चौकट रुंद. हिशेब करून पाहा: अशा भिंगातून दोन मीटरवरच्या माणसाभोवती जेमतेम १.८ मीटर रुंदीची चौकट मिळते. हात पसरून पडणारा एक जण त्यात कसाबसा मावतो, दोघांची पकड मावत नाही. त्यामुळे पुढे ०.५ पटीचे वाइड भिंग लावावेच लागते. ते कंपनाने सैल होते, म्हणून प्रत्येक उडीपूर्वी पिळून बघायचे आणि कडेने चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा.

सोनीच्याच सीएक्स४०५ मध्ये हा खर्च वाचतो, कारण त्याचे भिंग मुळातच २६.८ मिमीपासून सुरू होते. दोन मीटरवर सुमारे २.७ मीटरची चौकट मिळते. जुन्या कॅमेऱ्यांसारखी मोठी बॅटरी मागे बाहेर येत नाही, एनपी-बीएक्स१ ही छोटी बॅटरी आत बसते. एक्सएव्हीसी एस या चांगल्या दर्जाच्या फाइल प्रकारात चित्रीकरण करायचे तर कार्ड मायक्रो एसडीएक्ससी, म्हणजे ६४ जीबी किंवा जास्त, क्लास १० हवे. ३२ जीबीचे कार्ड घालून ‘कॅमेरा बिघडला’ म्हणणारे पुष्कळ असतात. सेकंदाला ५० मेगाबिटच्या दर्जाला मिनिटामागे सुमारे ३७५ एमबी लागतात. विमानातली शेवटची दोन मिनिटे, पाऊण मिनिटाचा फ्रीफॉल (पॅराशूट उघडण्याआधीचे मोकळे पडणे) आणि पॅराशूटखालची पाच मिनिटे धरली तर एका उडीला साधारण तीन जीबी. ६४ जीबीत वीस उड्या मावतात. २५६ जीबीच्या नावाने अर्ध्या किमतीत मिळणारी कार्डे बनावट असण्याची शक्यता मोठी, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

हँडीकॅमची एक खोड दुकानातच तपासा. ज्यांना व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) नसतो असे बरेच कॅमेरे स्क्रीन मिटली की बंद होतात, आणि ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या वाऱ्यात उघडी स्क्रीन बिजागरीसकट जाते. म्हणून स्क्रीन १८० अंश फिरवून, काच बाहेरच्या बाजूला ठेवून मिटता येते का आणि तशी मिटल्यावर रेकॉर्डिंग चालू राहते का, ते पाहा. राहत नसेल तर तो कॅमेरा या कामाचा नाही, मग चित्र कितीही सुंदर असो.

गोप्रोसारख्या छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यांत यातले निम्मे प्रश्न येत नाहीत. फोकस कायमचा बांधलेला, स्क्रीन उघडायची नाही, वजन नगण्य. २०१५ चा गोप्रो हिरो४ सेशन ७४ ग्रॅमचा होता, २०२४ चा छोटा हिरो ८६ ग्रॅमचा आहे. मात्र दोन्हींची बॅटरी काढता येत नाही. दिवसाला चार उड्या असतील तर मधल्या वेळेत चार्जिंगची सोय लागणार, आणि जुना सेशन घेत असाल तर बॅटरी किती टिकते ते पूर्ण चार्ज करून, सलग रेकॉर्डिंग लावून मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. यांच्या फार रुंद भिंगात चार मीटरवरचा माणूस मुंगीएवढा दिसतो, तेव्हा चित्रीकरण करणाऱ्याला दीड-दोन मीटरवर उडता आले पाहिजे. ज्याला तेवढे जवळ सुरक्षितपणे जाता येत नाही त्याच्यासाठी सीएक्स४०५ सारखा कॅमेराच बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. फोर-केसाठी जादा पैसे मोजू नका. फुल एचडीत ५० किंवा ६० फ्रेम मिळत असतील तर पुरे, कारण चाल संथ करून पाहताना फ्रेमच कामी येतात.

आता पैशांबद्दल. सगळे बजेट कॅमेऱ्यावर उडवू नका, निम्मे हेल्मेट आणि माउंटसाठी (कॅमेरा हेल्मेटवर बसवायच्या बैठकीसाठी) बाजूला ठेवा. कॅमेरा एकाच स्क्रूवर बसवला तर वाऱ्याने तो स्क्रूभोवती फिरतो आणि पडद्यावर अर्धे आकाश, अर्धा खांदा येतो. खाली ॲल्युमिनियमची सपाट पट्टी, एक पाव इंची स्क्रू, फिरू नये म्हणून दुसरा आधार, आणि स्क्रूवर तो सैल होऊ न देणारे निळ्या रंगाचे थ्रेडलॉक. रबराचे मऊ पॅड घालू नयेत, त्यांनी कंपन वाढते आणि सीमॉस सेन्सरच्या चित्रात सरळ रेषा जेलीसारख्या हलतात. पॅराशूट उघडताना साधारण ३ ते ५ जीचा, म्हणजे गुरुत्वाच्या तिप्पट ते पाचपट झटका बसतो. डोक्यावरचे अर्धा किलो त्या क्षणी दीड ते अडीच किलो होते. ते एका बाजूला असेल तर मान पिळली जाते, त्यामुळे जड कॅमेरा बाजूला न लावता डोक्याच्या मध्याजवळ बसवलेला बरा.

याहून गंभीर गोष्ट अडकण्याची. ॲक्शन कॅमेरा उंच दांडीवर पेरिस्कोपसारखा उभा केला तर पॅराशूटच्या दोऱ्यांना आयता आकडा मिळतो. माउंट डोक्याला जितके चिकटून तितके चांगले. कॅमेऱ्याभोवती दोरी आत शिरेल अशी फट राहिली असेल तर ती भरून काढा, सुटी वायर ठेवू नका. आणि हनुवटीचा पट्टा एका हाताने, हातमोजे घातलेले असताना, एका ओढीत सुटला पाहिजे. दोरी अडकली तर हेल्मेट सोडून देणे एवढाच मार्ग उरतो. साध्या बकलचे सायकल हेल्मेट स्वस्त पडते, पण त्यात हे जमत नाही.

सेटिंगमध्ये फार शोधाशोध नको. झूम पूर्ण वाइड, फोकस मॅन्युअलवर आणि दूरवर स्थिर, नाहीतर तो ढग आणि माणूस यांच्यात हेलकावे खात राहतो. व्हाइट बॅलन्स उन्हाचा. पाठीमागे लख्ख आकाश असल्याने चेहरे काळे पडतात, म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवून ठेवा. कॅमेऱ्याची दिशा जमिनीवरच जुळवा: हेल्मेट घालून पाच मीटरवरच्या भिंतीवरील खुणेकडे सरळ पाहायचे, ती खूण चित्राच्या मध्यावर आली की सगळे स्क्रू घट्ट.

थंडीचा हिशेब नाशिककरांना सांगायला नको. निफाडला पारा घसरला की दुचाकीवर काय होते ते ठाऊक आहे. दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंशांनी उतरते. सकाळी जमिनीवर १२ अंश असतील तर दहा हजार फूट वर उणे ८ च्या आसपास. लिथियम बॅटरी अशा वेळी अर्धी भरलेली असली तरी अचानक मान टाकते. जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवावी.

चित्रीकरण हुकण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र बटण. चालू आहे की बंद याची खात्री नसल्याने दोनदा दाबले जाते, फ्रीफॉल निघून जातो आणि उतरल्यावर गवताचे अर्ध्या तासाचे चित्रण मिळते. एक्झिटच्या दोन मिनिटे आधी बटण दाबायचे, लाल दिवा शेजारच्याला बघायला सांगायचे, आणि त्याने अंगठा दाखवल्यावर पुन्हा हात लावायचा नाही.

परवानगीचाही विषय आहे. विमानतळावर आणि उडत्या विमानातून चित्रीकरणावर आपल्याकडे नियमांची बंधने आहेत. नाशिकजवळच्या ओझर आणि गांधीनगर इथल्या हवाई तळांच्या सान्निध्यात राहणाऱ्यांना हे अधिक जाणवावे. आयोजकाला आधी विचारा.

शेवटी, कॅमेरा कधी लावायचा. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार त्याआधी किमान २०० उड्या हव्यात. कारण कॅमेरा लावला की लक्ष चौकटीकडे जाते आणि उंचीचे भान सुटते. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून घेतलेल्या उडीची दृश्ये पाहून अनेकांना हा खेळ खुणावतो, त्या दृश्यांमागची वर्षांची मेहनत दिसत नाही. आपल्या वृत्तपत्रात साहसी खेळांवर मजकूर येईल तेव्हा हा २०० चा आकडा त्यात अवश्य छापावा, ही विनंती. आणि जे प्रशिक्षकाला बांधून आयुष्यातली एकच टँडम उडी घेणार आहेत त्यांनी कॅमेरा घेऊच नये. प्रशिक्षकाच्या मनगटावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण शुल्कात आहे का, कार्ड त्याच दिवशी मिळणार का, एवढे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

आपले,
स्कायडायव्हिंगचे चित्रीकरण करणारे काही वाचक,
नाशिक