मानव विकासाचे मोजमाप तालुकानिहाय करा

मा. संपादक,

मानव विकासात मुंबई वर आणि नंदुरबार, गडचिरोली तळाला, हे आता पाठ झाले आहे. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात मुंबईचा मानव विकास निर्देशांक (आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांचे ० ते १ मधले एकत्रित माप) ०.८४१, तर नंदुरबारचा ०.६०४ होता. पण त्याच अहवालात ठाणे जिल्हा वरच्या रांगेत होता आणि तेव्हाच्या ठाण्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी हे तालुकेही होते. १९९२-९३ मध्ये कुपोषणाने बालके दगावली ती वावर-वांगणी ही गावे याच भागातली.

हे कसे घडते ते साध्या हिशेबातून दिसते. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाण्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख होती; जव्हार आणि मोखाडा मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे शंभरात दोन माणसे. समजा, या दोन तालुक्यांची साक्षरता उरलेल्या जिल्ह्यापेक्षा ३० अंकांनी कमी आहे. तरी जिल्ह्याची सरासरी खाली येते जेमतेम ०.६ अंकाने. निर्देशांकात २०१० पासून गुणोत्तर मध्य (तिन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे घनमूळ) वापरतात, त्यामुळे आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न यांतले एक अंग लुळे असेल तर ते लपत नाही: ०.८, ०.८ आणि ०.२ यांची साधी सरासरी ०.६ येते, गुणोत्तर मध्य ०.५०. मात्र एकाच जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांमधली दरी त्यात कुठेच उतरत नाही.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, पण अडचण सुटली नाही. वसई-विरार आणि तारापूरची औद्योगिक वसाहत याच जिल्ह्यात. कारखान्यातले उत्पादन जिल्ह्याच्या खात्यावर जमा होते आणि दरडोई उत्पन्न काढताना भागाकार मोखाड्यातल्या माणसांसकट होतो. केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद आले. पालघर त्यात नव्हता.

तालुका हे एकक नवे नाही. राज्याचा मानव विकास कार्यक्रम २०११ पासून २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत चालतो, त्यासाठी तालुके निवडताना ग्रामीण स्त्री साक्षरता आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे पाहिली गेली. मग निर्देशांकच जिल्ह्यावर का थांबावा?

तालुक्याचे आकडे काढताना खरी मेख स्थलांतराची आहे. जव्हार-मोखाड्यात भात, नागली, वरी, तेही वर्षातून एकदाच, पावसाळ्यात. सिंचन नाही, रोजगार हमीची मजुरी उशिरा मिळते आणि वीटभट्टीची उचल रोख हातात पडते. म्हणून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचा हिशेब मात्र ३० सप्टेंबरच्या पटावर होतो, तेव्हा सगळी मुले वर्गात असतात. जानेवारीत तीच मुले भट्टीवर, पण पटावर नाव कायम. अंगणवाडीतल्या वजनाची नोंद मध्येच तुटते. भट्टीवर बाळ दगावले तर ते कोणत्या तालुक्याच्या खात्यात गेले हे कुणी तपासत नाही.

म्हणून शाळेसाठी जानेवारी ते मार्चची प्रत्यक्ष हजेरी धरावी. बालमृत्यूची नोंद मृत्यू कुठेही झाला तरी आईच्या मूळ गावावर करावी. तालुक्याचे उत्पन्न मिळत नाही. त्याऐवजी घरात पाणी, वीज, शौचालय, पक्के छप्पर आहे का, हे जनगणनेच्या घरयादीतून घ्यावे. हे वरवरचे माप आहे खरे, पण कारखान्याच्या उत्पादनाला माणसांच्या संख्येने भागण्यापेक्षा ते कुटुंबाच्या जवळचे आहे.

यातली एक गोष्ट आता थांबू शकत नाही. आगामी जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारीत होईल, म्हणजे वीटभट्ट्या ऐन भरात असताना. त्या काळात माणूस जिथे राहत असेल तिथे मोजला जातो. भट्टीवरची कुटुंबे भिवंडी-वसईत धरली जातील, मोखाड्याची लोकसंख्या कमी दिसेल आणि सर्वांत गरीब घरे वगळली गेल्याने साक्षरता वाढल्याचा भास होईल. पुढची कित्येक वर्षे योजना याच आकड्यांवर ठरतील. ठाणे आणि पालघरच्या जिल्हा परिषदांनी मिळून त्याच फेब्रुवारीत भट्टीनिहाय वेगळी गणना करावी: मूळ गाव, पाडा, सहा वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया, शाळेच्या वयाची मुले, एवढे पाच रकाने पुरेत. ही यादी जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पंचायत समित्यांना होळीपूर्वी मिळावी.

आपला,
जिल्हा नियोजनाचा एक अभ्यासक, जव्हार