शिस्त घ्या, ताई

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र मुद्दाम उघडं लिहिते आहे. पाकिटात घालून पाठवलं असतं तर तुम्ही ते फळीवर ठेवून दिलं असतं आणि कुणाला दाखवलं नसतं. हे चार लोकांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. नातू वाचून दाखवेल तेव्हा मध्येच "असूदे, असूदे" म्हणत उठून गोठ्याकडे जाऊ नका. शेवटपर्यंत ऐका.

दिवाळीनंतर तुम्ही आमची नेमबाजीची रेंज सोडून चंदगडला गेलात. निरोपाला शाल आणि नारळ झाला, दोन भाषणं झाली. प्रामाणिक सेवा, वक्तशीरपणा वगैरे सगळं बोलून झालं. मला बोला म्हणाले तेव्हा मी नको म्हटलं. बँकेत दिवसभर काउंटरवर बोलणारी बाई मी, पण तिथे तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. ते राहिलेलं भाषण आता लिहिते.

इतरांना म्हणून सांगते. मामा म्हणजे आमच्या रेंजच्या शस्त्रखोलीची किल्ली. आधी फौज, मग इथे. सकाळी सहाला कुलूप उघडायचं, रायफली मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या, पन्नास मीटरवर चालत जाऊन टार्गेटचे कागद लावायचे, संध्याकाळी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या झाडून काढायच्या. कोच म्हणून त्यांचं नाव कुठेच नाही.

मी आले तीच मुळी लेकीच्या जागी. तिची एअर रायफल बारावीच्या क्लासेसनी बंद पाडली, तीन महिन्यांची फी भरलेली होती, आणि मी कोल्हापूरची बाई, पैसे वाया कशी घालवणार? त्रेचाळिसाव्या वर्षी मी मॅटवर पालथी पडले ती पुन्हा उठलेच नाही म्हणा ना.

पहिल्याच दिवशी तुम्ही मागून म्हणालात, "शिस्त घ्या, ताई." मला वाटलं रागावलात. मी कपडे नीट केले, पाय जुळवले, मान खाली घातली. तुम्ही परत म्हणालात, "शिस्त घ्या की!" शेवटी शेजारच्या लेनवरचा पोरगा हसून म्हणाला, काकू, फौजेत शिस्त म्हणजे नेम. घरी येऊन मोलस्वर्थचा जुना शब्दकोश उघडला, तर आपल्या मराठीतही शिस्तीचा तो अर्थ होताच, आपणच तो विसरलो. तेव्हापासून मला या दोन गोष्टी वेगळ्या करता आलेल्या नाहीत. त्याला कारण पुढचा प्रसंग.

तो मी कुणाला सांगितलेला नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा 'फायर बंद' झाल्यावर मी रायफल हातात घेऊन मागे वळले. वळले कशासाठी, तर मैत्रिणीला नवा हातमोजा दाखवायला. बोल्ट, म्हणजे गोळी भरायची मागची दांडी, बंद होता. नळी अर्ध्या रेंजवरून फिरली. तुम्ही ओरडला नाहीत. आलात, नळी धरून समोर वळवलीत, बोल्ट उघडलात, आत काही नव्हतं. मग रायफल घेऊन आत गेलात आणि त्या दिवशी ती मला परत दिली नाहीत. मी म्हटलं, "मामा, रिकामी होती." तुम्ही म्हणालात, "समदी रिकामीच असत्यात, ताई. लागल्यावर कळतंय भरलेली हुती." मग झाडू आणि डबा दिलात. बँकेतली असिस्टंट मॅनेजर दीड तास पुंगळ्या गोळा करत होती. आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुम्हाला त्याचं काही वाटलंही नाही. पुढच्या रविवारी गवत कापायच्या मशीनची केशरी नायलॉनची तार वीतभर कापून हातात ठेवलीत. "चेंबरमदी घालायची. तार दिसली म्हंजे गोळी न्हाई." चेंबर म्हणजे नळीत गोळी बसते ती जागा; असले चेंबर फ्लॅग विकतही मिळतात. माझ्या पर्समध्ये अजून तुमचीच तार असते. परवा काउंटरवर पेन काढताना ती बाहेर आली आणि एका आजोबांनी विचारलं, हे काय, कानातलं का?

आता माझ्या खरेदीबद्दल. रायफल क्लबची. सभासदाला क्लबच्या बंदुकीवर क्लबच्या रेंजवर सराव करता येतो, त्याला स्वतःचा परवाना लागत नाही, हे मला बरंच उशिरा कळलं. पण बाकीचं सगळं स्वतःचं लागतं, आणि बाकीचं म्हणजे किती, ते या छंदात पडल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. कॅनव्हासचं कडक जॅकेट, डाव्या दंडाला बांधायची स्लिंग, हातमोजा, मॅट, मोकळ्या डोळ्यापुढे लावायची पट्टी, मागच्या पीप साईटला बसवायची आयरिस, कानातले बोळे, टार्गेट बघायची दुर्बीण. मी प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायचं, ते सोडून काही मारत नाही तरी गुडघ्यावर बसून मारताना घोट्याखाली घ्यायची गोल उशीसुद्धा आणली होती. ती सध्या आमच्या मांजराकडे आहे. रात्री जेवणं झाली की मी फोनवर साईटचे स्क्रू बघत बसायची. नवरा म्हणाला, सोनं घेतलं असतंस तर निदान भाव तरी वाढला असता.

तुम्ही एका शब्दानं अडवलं नाहीत. फक्त प्रत्येक वेळी एकच विचारायचात: "ह्यानं काय व्हनार?" उत्तर आलं की मान हलवायची, नाही आलं तरी मान हलवायची.

जॅकेटचं मात्र तुम्ही निस्तरलंत. एका विक्रेत्यानं फोनवर मापं घेतली आणि पाठवलं ते पोटावर बसेना आणि खांद्यावर लोंबतंय असं. परत घेणार नाही म्हणाला, नंतर फोनही उचलेना. तुम्ही ते पिशवीत घालून चप्पल लाईनमध्ये नेलंत. कोल्हापुरी शिवणाऱ्या तुमच्या ओळखीच्या कारागिरानं बटणं सरकवली, खांद्याची शिवण उसवून परत मारली, कोपराखालचं रबर नवं लावलं. पैसे घेतले चपलेच्या एका जोडापेक्षा कमी. त्या जॅकेटला अजून कच्च्या चामड्याचा वास येतो. स्पर्धेला उपकरणं तपासतात तिथे जाड-पातळ मोजणाऱ्या यंत्राखालून ते पास झालं, तेव्हा मी त्या कारागिरासाठी पेढे घेतले होते. तुम्हीच पोचवलेत.

पुढच्या साईटमधली चकती. ही चार पैशांची गोष्ट, आणि हिच्यावर मी चार महिने घालवले. मला वाटायचं, भोक जितकं लहान तितका नेम बारीक. म्हणून मी तीन मिलिमीटरची रिंग घातली. काळ्या गोळ्याभोवती पांढऱ्याचा केसभर काठ दिसायचा, डोळ्याला पाणी यायचं आणि गोळ्या आठ-नऊच्या घरात भटकायच्या. तुम्ही तुमच्या पत्र्याच्या डब्यातून ३.८ ची काढलीत. "घराभवती अंगण लागतंय का न्हाई? काळ्याभवती बी लागतंय." तेव्हापासून मी श्वास सोडताना अंगण बघते. काळं मधोमध आहे की नाही, ते डोळा आपोआप सांगतो, त्याला ताण द्यावा लागत नाही.

वाऱ्याचं तर कुठल्या मॅन्युअलमध्ये इतक्या थोडक्यात सापडलं नाही. उजवीकडून वारा आला की गोळी नुसती डावीकडे जात नाही, थोडी वरही चढते. डावीकडून आला की उजवीकडे जाते आणि खाली बसते. "घड्याळातलं धा आन् चार," तुम्ही म्हणालात. नळीतले पीळ उजवीकडे फिरतात म्हणून असं होतं, हे मी नंतर वाचलं. तुम्ही तीस वर्षं कागद काढून आणताना ते पाहिलं होतं.

पण आभार मानायचे ते सगळ्यात जास्त त्या पावसाळ्यातल्या रविवारचे.

मी ५९० च्या आसपास अडकले होते. प्रोनच्या साठ गोळ्या, दशांशात मोजले तर जास्तीत जास्त ६५४. मी ठरवलं, दोष काडतुसांचा. आधी 'हाय व्हेलॉसिटी'चा डबा आणायला निघाले होते, तो तुम्ही थांबवलात. आवाजापेक्षा वेगानं निघालेली आपली .२२ ची गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येते, तिथे डचमळते, आणि वाऱ्यानं उलट जास्त ढकलली जाते. म्हणून मॅचची काडतुसं मुद्दाम हळू असतात. मग मी इंग्लंडचा सगळ्यात महाग डबा मिळवला, कसा ते विचारू नका, आणि त्यानं गट, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, आणखी फाटला. मी रडकुंडीला आले. नवी साईट घ्यायला एफडी मोडायची भाषा करायला लागले.

तुम्ही दोन वाळूच्या पिशव्या आणल्यात. क्लबची ती जुनी ॲन्शुट्झ, जर्मनीतल्या उल्म गावची, दस्त्याचं पॉलिश उडालेली रायफल, त्यांच्यावर टेकवलीत. त्याआधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दस्त्याचे दोन्ही स्क्रू तपासलेत. पुढचा पाऊण फेरा ढिला होता. काही बोलला नाहीत, आवळलात. मग मला म्हणालात, शिस्त मोडायची न्हाई, नुसती गोळी सोडायची. चार प्रकारची काडतुसं, प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्यांचे चार गट. डबा बदलला की आधी दहा-बारा गोळ्या मातीत, कारण प्रत्येकाचं मेण निराळं आणि नळीला ते अंगी लागायला वेळ लागतो. बाहेर कोल्हापूरचा पाऊस पत्र्यावर बडवत होता. तुम्ही छत्री घेऊन पन्नास मीटर जायचात, कागद आणायचात, पट्टीनं मोजायचात, दोनशे पानी वहीत लिहायचात. दुपारचे अडीच वाजले. तुमचा जेवणाचा डबा तसाच होता.

महागाचा नंबर तिसरा आला. पहिला आला तो कपाटात पडलेला मधल्या किमतीचा डबा, आणि त्याच कंपनीच्या त्याच नावाच्या दुसऱ्या लॉटचा डबा शेवटचा! मला पटेना. तेव्हा तुम्ही पुंगळी उलटी धरून दाखवलीत. मोठ्या काडतुसाला मधोमध टोपी असते, हिला नाही. हिची पेटणारी दारू बुडाच्या काठात, ओली असताना गरगर फिरवून बसवलेली. म्हणून तर पिन काठावर मारते. एखाद्या ठिकाणी ती दारू कमी-जास्त बसली की गोळी वर-खाली. उघडून बघता येत नाही, घरी परत भरता येत नाही. १८८७ पासून हे काडतूस असंच आहे. "म्हून नाव बगायचं न्हाई, लॉट बगायचा. आन् नळीला इचारायचं." त्या लॉटचे जेवढे डबे क्लबकडे होते तेवढे मी सेक्रेटरींच्या परवानगीनं माझ्या नावावर लावून ठेवले. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्या महिन्यात ते बटण मला पहिल्यांदा ओळखीचं वाटलं. ५९८, ६०३, आणि गणपतीनंतर ६०७.

एफडी शाबूत आहे. नवरा तुम्हाला नमस्कार सांगतो.

२०२४ चा १ ऑगस्ट आठवतो ना? राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ऑलिम्पिकच्या फायनलला होता, आणि आपण सगळे शस्त्रखोलीच्या दारात एका फोनवर वाकलो होतो. पोरं स्कोअर बघत होती. तुम्ही त्याचा बोल्टवरचा हात बघत होतात. ४५१.४ वर ब्राँझ आलं, खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. बाहेर फटाके लागले आणि तुम्ही म्हणालात, "आज समदी येनार रेंज बगाय. पुंगळ्या झाडून घेतो." खरंच आली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनची जगज्जेती झाली, ६०० पैकी ५९७ वर, तेव्हाही तुम्ही असंच झाडून घेतलं होतं, असं जुने लोक सांगतात. स्वप्निलच्या पदकाच्या दिवशी आलेल्या पोरांतली सहा अजून टिकून आहेत. सहाही जणांच्या चेंबरमध्ये केशरी तार आहे. मशीनचं बंडल आता संपत आलंय.

तुमच्या जागी नवा मुलगा आला आहे. चांगला आहे, मोबाईल जरा जास्त बघतो. किल्ल्या त्याच्याकडे, पण दोनशे पानी वही सेक्रेटरींनी माझ्या ताब्यात दिली आहे. मागच्या आठवड्यात नवा लॉट आला. मी पिशव्या लावल्या, स्क्रू तपासले, दहा गोळ्या मातीत घातल्या आणि गट मोजून लिहिले. तुमच्या अक्षराखाली माझं अक्षर फारच बँकेचं दिसतं. शिवाय तुम्ही मार्जिनमध्ये काही नोंदींपुढे फुली आणि काहींपुढे छोटा गोल काढलाय, त्याचा अर्थ मला लागत नाही. फुली म्हणजे नको असं धरून मी एक डबा बाजूला ठेवला आहे. तो वापरायचा की नाही ते नातवाकडून कळवा. नाहीतर काजूचा हंगाम आटोपला की स्वतःच या. स्टँडवर घ्यायला येते.

काकूंना नमस्कार.

आपली,
चार नंबर लेनवरची ताई