फुग्यातलं अक्षर खोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सवाच्या स्मरणिका छापायला टाकायचे दिवस जवळ आले, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय. मी शहापूरचा बोर्ड पेंटर. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, कानडीही आणि मराठीही. फ्लेक्स आल्यावर काम आटलं, तेव्हा चित्रकथेकडे वळलो. वर्षाकाठी दोन-तीन होतात, सगळ्या हातानं काढलेल्या.

गेल्या वर्षी एका मंडळाच्या स्मरणिकेसाठी एक पान दिलं होतं. आजी नातवाला घेऊन कणकुंबीला मलप्रभेचा उगम दाखवायला जाते, एवढीच गोष्ट, सहा चौकटींत. छापील पान सात बाय दहा इंचांचं होणार होतं, म्हणून दीडपट, म्हणजे साडेदहा बाय पंधरा इंचांवर काढलं. मोठं काढून लहान छापलं की रेघ आवळून येते, हाताचा कंप झाकला जातो. दिवस आषाढातले. आपल्याकडच्या पावसात आयव्हरी शीटसारखा जाड, गुळगुळीत कागदसुद्धा ओलावा धरतो आणि शाईत बुडवायच्या टाकाची रेघ फुटते. दोन शीट वाया गेले. तिसरा रात्रभर बल्बखाली ठेवून मग शाईला हात घातला.

लोकांना वाटतं, आधी चित्र होतं आणि उरलेल्या जागेत बोलण्याचे फुगे बसवतात. माझं उलटं आहे. चौकटी आखल्या की पहिल्यांदा पेन्सिलीनं बोलणं लिहितो, त्याभोवती फुगा, आणि मग माणसं. जो आधी बोलतो त्याचा फुगा डावीकडे वर, उत्तर देणाऱ्याचा उजवीकडे जरा खाली, कारण डोळा तसाच जातो. दुसऱ्या चौकटीत आजी उजवीकडे होती आणि बोलायला सुरुवात तिचीच, त्यामुळे दोन फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना कापायला लागल्या. शेवटी आजीला उचलून डावीकडे आणलं, बसचं दार तिकडे नेलं, सगळी चौकट नव्यानं मांडली.

अक्षराची जागा हा तर माझ्या धंद्याचा विषय. कानडी अक्षराला डोक्यावर तलकट्टू, म्हणजे माथ्याची रेघ, आणि खाली लोंबणारी ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं; आपल्याला शिरोरेषा, वर वेलांटी-रफार, खाली उकार. वरच्या ओळीतल्या ‘तू’खाली ‘दर्शन’ आलं की वरचा ऊकार खालच्या रफारात अडकतो. म्हणून दोन ओळींत ऐसपैस जागा सोडावी लागते, नाहीतर मजकूर कापावा लागतो. मी मजकूर कापतो. सहा मिलिमीटरचं अक्षर छापून चारचं होतं, त्याहून बारीक झालं तर ‘क्ष’ची गाठ शाईनं भरून जाते. आजी हळू बोलते तिथं अक्षर लहान आणि सुटं लिहिलं. नातू घसरतो तिथं तिचं ‘थांब!’ जाड ब्रशनं, आणि त्यातला ‘ब’ मुद्दाम पोराच्या उगारलेल्या हातामागं नेला.

स्मरणिका हातात आली तेव्हा फुग्यातली माझी सगळी अक्षरं पुसून तिथं कॉम्प्युटरची बसवली होती. आजीची कुजबुज आणि ओरडणं एकाच मापाचं. ‘थांब!’ पुसताना पोराची तीन बोटं गेली. पाचव्या चौकटीत आजी ओंजळीत पाणी घेते, तिथं मी एक शब्दही लिहिला नव्हता. तिथं ‘मलप्रभेचे पवित्र जल’ अशी पट्टी टाकलेली. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “पेंटर, रिकामं दिसत होतं की हो. आणि छापलेलं अक्षर वाचायला बरं पडतंय.” मनात वाईट नव्हतं त्यांच्या, हे मला कळतं. पण ते पान घरी दाखवायला मला धीर झाला नाही.

चित्रकार रवी परांजपे याच बेळगावात जन्मले, इथल्याच चित्रकार के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकले. रेघेची किंमत कळणारं हे गाव आहे. म्हणून मंडळांना सांगणं आहे: पान मागताना छपाईचं माप आधी सांगा, आणि अक्षर लागत नसेल तर पान आमच्याकडे परत पाठवा, आम्ही पुन्हा लिहून देऊ. तुम्ही पुसू नका.

आणि आपल्याला एक विनंती. मुलांची चित्रं आपण छापता, तसं कधीतरी एखाद्या मुलानं काढलेलं चित्रकथेचं पूर्ण पान छापा, त्याच्याच अक्षरांसकट. खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतली पोरं वहीच्या मागच्या पानावर फुगे काढतातच. अक्षर वाकडं असलं तरी असू द्या, ते त्या पात्राचा आवाज असतं. ओळी कशा आखायच्या ते मी दाखवीन, रविवारी सकाळी घरीच असतो. आयव्हरी शीट माझ्याकडचे घ्या, टाक मात्र ज्यानं त्यानं आपला आणावा, कारण निब एकाच हाताला वळते.

सोबत मूळ पानाच्या पाचव्या चौकटीची झेरॉक्स जोडली आहे. जागा असेल तर छापावी. तिच्यात शब्द नाहीत, कृपया घालू नयेत.

आपला,
एक बोर्ड पेंटर, शहापूर, बेळगाव