राजीनाम्यातला राजी कुठे गेला?

संपादक साहेब, नमस्कार.

"अखेर राजीनामा घेतला", "राजीनामा द्यायला भाग पाडलं" असं तुमच्या पेपरात दर आठवड्याला वाचतो आणि दरवेळी हसू येतं. अहो, राजीनाम्यात राजी आहे ना! राजी अरबीतून आला, म्हणजे कबूल, खूश, आणि नामा फारसी, म्हणजे लिहिलेला कागद, आपला पंचनामा, करारनामा, जाहीरनामा आहे तसाच. म्हणजे मुळात हा नोकरी सोडायचा कागद नाहीच, मी राजी आहे असं लिहून दिलेला कागद. हिंदीत अजून कोर्टातल्या तडजोडीला राजीनामा म्हणतात आणि नोकरी सोडली की इस्तीफा. (आमच्या शेजारचे काका ठासून सांगतात की राजाला द्यायचा कागद तो राजीनामा, त्यांना समजावून थकलो.) ऑफिसात आपण टाकतो ती रजा पण याच घरातली, तिचा मूळ अर्थ परवानगी, संमती.

मग हा सोडण्याचा अर्थ चिकटला कुठून? मला वाटतं यात जमिनीच्या कागदांचा मोठा हात असणार. गावच्या जुन्या फेरफारात "राजीनामा-कबुलायत" असं जोडीनंच लिहिलेलं मी पाहिलंय, जमीन सोडणारा राजीनामा देणार आणि घेणारा कबुलायत. आता सोडणारा खरंच राजी होता का हे कागद कसं सांगणार, म्हणून तर १९४८ च्या कुळकायद्यात कुळाने जमीन सोडली तर ते लेखी पाहिजे आणि मामलेदाराने खात्री करून घेतली पाहिजे अशी अट घातली, तरी पुष्कळ कुळांच्या जमिनी "राजीखुशीने" गेल्याच.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. गेल्या महिन्यात त्याला कंपनीत केबिनमध्ये बोलावलं, समोर टाईप केलेला कागद, "वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे", फक्त सहीची जागा रिकामी, आणि तारीखसुद्धा त्यांनीच आधी टाकलेली. संध्याकाळी लॅपटॉप आणि आयकार्ड जमा. घरी येऊन म्हणतो, मामा, पेन पण त्यांचंच होतं.

इथे खात्री करायला मामलेदार कोण येणार? निदान तुम्ही तरी बातमीत जिथे माणसाला काढलंय तिथे "काढलं" असंच छापा.

आपला जुना वाचक,
सातारा