मुठेकाठच्या पेठेत राहणाऱ्या लेकीस

सोलापूर

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुला नारायण पेठेत सोडून आल्याला पंधरा दिवस झाले. कॉट बेसिसची ती खोली लहान आहे, जिना अंधारा आहे, आणि तळमजल्यावर दिवसभर बाइंडिंगचे काम चालते. अप्पा बळवंत चौक जवळ असल्यावर पुस्तकांचे धंदे शेजारी असणारच. तरीही मला ती जागा मनापासून आवडली.

मालकीणबाईंनी भिंतीवरची पुरुषभर उंचीची रेघ दाखवली, ती तुझ्या लक्षात असेल. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण बांधकाम पुरे होण्याआधीच फुटले, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि मुठेचे पाणी पेठांमधल्या वाड्यांत शिरले, त्या दिवसाची ती खूण आहे. बाई तेव्हा शाळेत होत्या. घरातले धान्य, वह्या, अंथरुणे सगळे गेले असे सांगतानाही त्या 'आमची नदी' असेच म्हणत होत्या, ते ऐकून माझे डोळे भरून आले. धरणातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. म्हणून पावसाळ्यात डेक्कनला निघण्यापूर्वी त्यांना विचारत जा.

त्या संध्याकाळी आपण ओंकारेश्वरापाशी उभ्या होतो, तेव्हा पुलावरून कोणीतरी निर्माल्याची पिशवी खाली टाकली आणि मी एकदम गप्प झाले. कारण तेव्हा सांगितले नाही, आता सांगते. हीच मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेत जाते, भीमेचे पाणी उजनीत साठते आणि तेथून ते जलवाहिनीने आपल्या सोलापुरात येते. चार-चार दिवसांनी नळ येतो म्हणून रात्री उठून तू माझ्याबरोबर जी पिंपे भरलीस, त्यांत तुझ्या पेठेचे पाणी होते. गणपतीत वाड्यातले निर्माल्य कलशातच जाईल एवढे तू स्वतः पाहा, आणि खोलीतल्या मुलींनाही हे सांग.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी एसटीने येणाऱ्या शेजारच्या काकूंबरोबर पाठवली आहे. काल पहाटे तीनला पाणी आले. घागरी मी भरल्या, पिंप तुझ्या बाबांनी.

तुझी आई